टेनर तीन आणि हट्ट आख्ख्या 'मेसाया'चा

पत्र थोडक्यात असं. वसईकडच्या एका ताईंनी लिहिलंय, नाव आणि धर्मग्राम गाळते. त्या एका हौशी कॉयरच्या संचालिका आहेत. येत्या नाताळात कॉयरला २५ वर्षं होतायत, म्हणून यंदा नेहमीच्या कॅरल्स न करता बरोक संगीताचा (म्हणजे बाख-हँडलच्या काळातल्या युरोपीय संगीताचा) मोठा कार्यक्रम करायचा ठरलं. एकमत झालं ते इथपर्यंतच. देणगी देणारे एक ज्येष्ठ अंकल म्हणतात हँडलचा 'मेसाया' (येशूवरची लांबलचक संगीतरचना) करायचा तर पूर्ण, नाहीतर मला बोलवू नका. युरोपात शिकून आलेला एक तरुण सभासद म्हणतो बाखचा बी मायनर मास (मिस्साच्या लॅटिन शब्दांवरची मोठी रचना) केला नाही तर बरोक शब्दच वापरू नका. उरलेले म्हणतात लोक अर्ध्यातून उठून जातील. गायला २७ जण आहेत: १२ सोप्रानो आणि ८ ऑल्टो (बायकांचे वरचे आणि खालचे आवाज), ३ टेनर आणि ४ बेस (पुरुषांचे वरचे आणि खालचे). वाजवायला पाच व्हायोलिन (त्यातली दोन मुलं शाळेतली), एक चेलो, दोन फ्लूट, एक कीबोर्ड आणि लग्नाच्या बँडमधला एक ट्रम्पेटवाला. व्हायोला (व्हायोलिनपेक्षा खालच्या सुराचं) नाही, ओबो (सनईच्या जातीचं) नाही. प्रॅक्टिस रविवारी मिस्सानंतर दोन तास, हातात पाच महिने, खिशात साठ हजार. अर्ध्या लोकांना नोटेशन वाचता येत नाही, ते ऐकून शिकतात. 'आम्ही या संगीताला लहान पडतो का? मुंबईहून गाणारे आणावेत का? आणि या सगळ्यांत ऐकायचं कुणाचं?'

ताई,

तुमचं पत्र वाचून मी भांडणं बाजूला ठेवली आणि फक्त आकडे एका कागदावर उतरवले. १२, ८, ३, ४. मी स्वतः अठरा वर्षं ऑल्टोत उभी राहिलेय, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट कळलीय की कॉयरचा कार्यक्रम कमिटीत ठरत नाही, तो हजेरीच्या वहीत आधीच ठरलेला असतो, आपण फक्त तो वाचायला उशीर करतो. तुमच्या वहीत उत्तर स्पष्ट लिहिलंय. पण त्याआधी तुमच्या त्या 'लहान पडतो का' या प्रश्नाशी मला जरा भांडायचंय.

लहान कुणाच्या मानानं? यूट्यूबवर तुम्ही जे दोनशे लोकांचं 'हालेलूया' बघता ना, ते हँडलच्या काळाचं नाहीच. १७४२ च्या एप्रिलमध्ये डब्लिनला 'मेसाया' पहिल्यांदा झाला तेव्हा तिथल्या दोन कॅथेड्रलमधले मिळून साधारण तीसेक गाणारे होते, मुलं आणि पुरुष. ते अवाढव्य कॉयरचं प्रकरण सुरू झालं १७८४ पासून, वेस्टमिन्स्टर ॲबीत पाचशेच्या वर गाणारे-वाजवणारे जमवले तेव्हा, आणि तोवर हँडलला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. बाखचं तर विचारूच नका. १७३० च्या ऑगस्टमध्ये त्यानं लाइपझिगच्या नगरपालिकेला एक लांबलचक तक्रारअर्ज लिहिला, त्यात तो म्हणतो की एका कॉयरला किमान बारा गाणारे हवेत, सोळा मिळाले तर उत्तम. खाली त्यानं आपल्या शाळेतल्या ५४ पोरांचा हिशोबच मांडलाय: १७ कामाची, २० अजून कामाची नाहीत, आणि १७ निरुपयोगी. मला हा कागद फार आवडतो, कारण आपल्याकडच्या कुठल्याही संचालिकेनं रविवारी दुपारी घरी येऊन नवऱ्याला सांगावं तसाच तो आहे. तर २७ म्हणजे तुमच्याकडे बाखनं मागितले होते त्यापेक्षा जास्त लोक आहेत. कमी आहेत ते टेनर. आणि 'आम्ही लहान आहोत' हा एक प्रॉब्लेम आहे, 'आमच्याकडे टेनर कमी आहेत' हा पूर्ण वेगळा. पहिल्यावर इलाज नाही, दुसऱ्यावर आहे.

आता बी मायनर मास. त्या मुलाला मी समजू शकते हो, बाखचं वेड लागलं की लागतं, आणि लागलंच पाहिजे. पण तो मास पाच सुरांत (म्हणजे एका वेळी पाच वेगळ्या लाइनी गात) सुरू होतो, 'सांक्तुस' सहा सुरांत, 'ओसान्ना' आठ सुरांत. आठ सुरांत म्हणजे टेनरच्या दोन वेगळ्या लाइनी, म्हणजे तुमच्याकडे एकेका लाइनला दीड माणूस! वर तीन ट्रम्पेट, हॉर्न, ओबो, बॅसून (खालच्या सुराचं फुंकवाद्य). बाखनं आयुष्याच्या शेवटी शेवटी तो जुळवून पूर्ण केला आणि त्याच्या हयातीत पूर्ण मास एकदा तरी गायला गेल्याची नोंद नाही, तेव्हा तुमच्याकडून पाच महिन्यांत नाही झाला तर बाख रागावणार नाही. त्या मुलासाठी माझ्याकडे दुसरं काम आहे, ते शेवटी सांगते.

'मेसाया' पूर्ण करायचा तर अडीच तास, वीसेक कोरस (आख्ख्या कॉयरनं गायचे तुकडे) आणि चार सोलो गाणारे. माझा एक घरगुती हिशोब आहे: ऐकून शिकणारं कॉयर असेल तर अशा गुंतागुंतीच्या कोरसच्या एका मिनिटाला साधारण एक तास प्रॅक्टिस लागते. पाच महिन्यांचे वीस रविवार, त्यातून गणपती, फेस्त, कुणाचं लग्न, कुणाचा ताप वजा केला की उरतात पंधरा, म्हणजे तीस तास. म्हणजेच तीस मिनिटांचा कोरस नीट होईल, चाळीस मिनिटांचा कसाबसा, आणि 'मेसाया'तला कोरस तासाच्या वर जातो. अंकलना हे वहीवर लिहून दाखवा, तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलेला हिशोब ज्येष्ठांना नेहमी उद्धटपणा वाटतो.

आणि 'पूर्ण नाहीतर नकोच' हे म्हणणं कुठून येतं तेही बघा. त्यात प्रामाणिकपणा आहे, तोडून गाणं म्हणजे फसवणूक असं त्यांना वाटत असणार. पण खुद्द हँडल दर वेळी हातात कोण गाणारा आहे ते बघून 'मेसाया'त बदल करायचा. १७५० मध्ये ग्वादान्यी नावाचा गायक मिळाला तर त्याच्यासाठी एक आख्खं गाणं नव्यानं लिहिलं. ज्यानं लिहिलं तोच माणसं बघून कापत-जोडत होता, मग आपण कोण चिकटून राहणार त्या 'पूर्ण'ला.

तर माझं म्हणणं: विवाल्डीचा 'ग्लोरिया', तोच तो डी मेजरमधला प्रसिद्ध. प्रसिद्ध आहे म्हणून नाही, तुमच्या वहीत बसतो म्हणून. अर्धा तास, बारा तुकडे. त्यातले नऊ कॉयरचे आणि तीन सोलो, आणि ते तिन्ही सोलो बायकांचे: दोन सोप्रानोंचं एक द्वंद्वगीत, एका सोप्रानोचं, एका ऑल्टोचं. शिवाय आठव्या तुकड्यात ऑल्टो सोलो आणि कॉयर एकमेकांना उत्तरं देतात. टेनरचा सोलो नाही, बेसचा सोलो नाही. हे योगायोगानं नाही. विवाल्डीनं हे व्हेनिसच्या ओस्पेदाले देल्ला पिएता या अनाथालयातल्या मुलींसाठी लिहिलं, तिथे टेनर आणि बेसच्या लाइनीसुद्धा मुलीच सांभाळायच्या. जाळीच्या आड उभ्या राहून गायच्या, नि ऐकायला अख्ख्या युरोपातून लोक यायचे. तर ताई, तुमच्या आठ ऑल्टोंपैकी दोन खर्जातल्या बायका निवडा आणि टेनरमध्ये उभ्या करा. कुणी नाक मुरडलं तर पिएताचं नाव सांगा. फक्त त्यांना कायम तिथेच ठेवू नका, वर्षानुवर्षं टेनर गाऊन ऑल्टोचा वरचा आवाज बसतो, माझ्या शेजारच्या एकीचा बसला.

कॉयरचे तुकडे मिळून वीसएक मिनिटं भरतात, आणि अकरावा तुकडा 'क्वोनियाम' म्हणजे पहिल्याच तुकड्याचं संगीत थोडक्यात परत येतं, तो जवळजवळ फुकट मिळतो. 'ग्रात्सियास' फक्त सहा मापांचा (माप म्हणजे तालाचं एक आवर्तन). जीव जाईल तो दुसऱ्या तुकड्यात, 'एत इन तेर्रा पाक्स'मध्ये. ऐकताना संथ आणि सोपा वाटतो, पण प्रत्येक सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीनं सरकतो आणि सोप्रानो नकळत खाली उतरत जातात, शेवटी कीबोर्ड वाजला की सगळ्यांचे चेहरे पडतात. म्हणून पहिल्या रविवारी पहिला तुकडा नाही, हा दुसरा घ्या, वाद्याशिवाय, अगदी हळू, आणि दर आठ मापांनी सूर तपासा. पहिला तुकडा तर उड्या मारत येतो, त्याची काळजी नको.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाही तरी सांगते, कारण इथे आपल्याला चक्क फायदा आहे. लॅटिन चर्चमध्ये इटालियन वळणानं म्हणतात आणि त्यातला त हा आपला दातावरचा त आहे, द हा आपला द. इंग्रज गाणाऱ्यांना हे शिकवायला महिना लागतो. फक्त अडचण अशी की आपण रोमन अक्षरं बघितली की डोक्यात इंग्रजी शिरतं आणि तोंडातून 'टेरा' निघतं. म्हणून सगळे शब्द देवनागरीत लिहून द्या, नोटेशनच्या खाली पेन्सिलनं: 'ग्लोरिया इन एक्शेल्सिस देओ', 'एत इन तेर्रा पाक्स ओमिनिबुस', ओमिनिबुसमधला एच मुका. नोटेशन न वाचणाऱ्यांना पण हा कागद आधार होतो. अर्थ शिकवायची तर गरजच नाही, दर रविवारी मिस्सात मराठीत म्हणता तीच प्रार्थना आहे, फक्त प्रत्येक ओळीवर मराठी ओळ लिहून ठेवा म्हणजे 'मिझेरेरे'ला कुणी हसऱ्या चेहऱ्यानं गाणार नाही.

ऐकून शिकणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना, ही मी स्वतः भोगलेली. आमच्या एका जुन्या कॉयरमध्ये व्हॉट्सॲपवर कुणीतरी एक सुंदर रेकॉर्डिंग टाकलं, जुन्या पद्धतीच्या वाद्यांचं. सगळ्यांनी महिनाभर लोकलमध्ये, स्वयंपाक करताना ऐकून पाठ केलं. प्रॅक्टिसला पियानो सुरू झाला आणि अर्धं कॉयर अर्धा सूर खाली! कुणालाच कळेना चूक कुणाची. झालं असं होतं की जुन्या वाद्यांवर वाजवणारे बरेच ग्रुप ए हा सूर ४१५ हर्ट्झला लावतात आणि आपला कीबोर्ड ४४० ला, म्हणजे जवळजवळ बरोबर अर्ध्या सुराचा फरक. ऐकून पाठ करणाऱ्याच्या कानात तो सूर इतका घट्ट बसतो की काढता काढत नाही. तेव्हा रेकॉर्डिंग पाठवण्याआधी तुमच्या कीबोर्डशी जुळवून बघा, आणि खरं तर दुसऱ्याचं रेकॉर्डिंग नकोच, चारही लाइनी तुम्हीच कीबोर्डवर वाजवून, तुमच्याच लयीत, मोबाइलवर रेकॉर्ड करून चार वेगळ्या ग्रुपवर टाका. एक संध्याकाळ जाईल, पण महिना वाचेल.

वाद्यांचं. साठ हजारांत मुंबईहून गाणारे आणू नका. बाहेरचे तीन टेनर आले की तुमचे तिघं त्या दिवसापासून ओठ हलवायला लागतात, हे मी दोन ठिकाणी बघितलंय, आणि पंचविसाव्या वर्षी तुमच्याच लोकांना मागे उभं करणार का? पैसे एका व्हायोलावर घाला, शेवटच्या तीन प्रॅक्टिस आणि कार्यक्रम. ओबोचा मोठा भाग सहाव्या तुकड्यात सोप्रानोबरोबर आहे, तो तुमची सगळ्यात चांगली व्हायोलिन वाजवणारी मुलगी वाजवेल, तसं करायची पद्धत आहेच. कीबोर्डवाल्याला फक्त ऑर्गनचा आवाज लावायला सांगा, आणि त्याच्या हातून ते 'स्ट्रिंग्ज'चं बटण काढून घ्या, खरे व्हायोलिन समोर बसलेले असताना खोटे कशाला. त्याचं काम चेलोच्या खालच्या सुरावर साधे कॉर्ड भरत राहणं, या जोडीलाच कंटिन्युओ म्हणतात आणि बरोकचा सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. चेलो आणि कीबोर्ड यांनी दोघांनीच, कॉयरशिवाय, चार वेळा बसलं पाहिजे. हे कुणी करत नाही.

नुसता ऑर्केस्ट्राचा एक तुकडा हवा, कॉयरला श्वास घ्यायला. कोरेल्लीची 'नाताळच्या रात्रीसाठी' लिहिलेली कॉन्चेर्तो, ओपस ६ (त्याचा सहावा संग्रह) मधली आठवी. मुख्य काम दोन व्हायोलिन आणि एक चेलो यांचं, बाकीचे भरीला, आणि कोरेल्लीनं ते भरीचे लोक ऐच्छिकच ठेवलेत, म्हणजे व्हायोला नसला तरी गाडी चालते. शाळेतली दोन मुलं भरीत बसवा, त्यांना सोपं पडेल. शेवटचा तुकडा 'पास्तोराले', इटलीतले मेंढपाळ नाताळात पव्या वाजवत गावात यायचे त्याची आठवण, दादऱ्यासारखं हिंदोळत जातं, लहान पोरंसुद्धा गप्प बसून ऐकतात. कुणीतरी तुम्हाला 'अल्बिनोनीचा अडाजियो घ्या, लोकांना आवडतो' असं सांगणारच आहे, दर कमिटीत एक असतोच. तो अल्बिनोनीचा नाही. रेमो जाझोत्तो नावाच्या विसाव्या शतकातल्या संगीत-अभ्यासकानं १९५८ मध्ये छापला, आणि त्याचे हक्क अजून चालू आहेत, उगाच परवानगीची कटकट.

आणि अंकलचा 'मेसाया' मी टाकून देत नाहीये. 'अँड द ग्लोरी ऑफ द लॉर्ड' घ्या, तो सगळ्यांत शहाणा कोरस, प्रत्येक सुराला आळीपाळीनं तीच चाल मिळते. 'हालेलूया' तुमच्या जुन्या लोकांना येतच असणार. 'फॉर अंटू अस' मात्र नको, त्यातल्या त्या लांबच लांब धावत्या ताना हँडलनं मुळात दोन सोप्रानोंच्या इटालियन द्वंद्वगीतासाठी लिहिल्या होत्या, बारा सोप्रानोंनी एकत्र धावायचं म्हणजे चर्चच्या घुमटात नुसता घोळ होतो. आणि 'ग्लोरी टू गॉड'ला हँडलनं ट्रम्पेटसाठी लिहून ठेवलंय, दुरून, जरा हळू. मूळ दोन ट्रम्पेट आहेत, तुमच्याकडे एकच, तरी त्याला वरच्या माळ्यावर उभं करा, लोकांना दिसणार नाही असं. तो तुकडा दोनच मिनिटांचा आहे पण लोक घरी जाऊन त्याचंच सांगतील. क्रम मी असा ठेवेन: कोरेल्ली, मग 'मेसाया'चे ते दोन, मध्ये पाच मिनिटं, मग पूर्ण 'ग्लोरिया', आणि शेवटी 'हालेलूया', उभं राहून, लोकांनाही गायला लावून, आणि त्याची घोषणा अंकलनी करायची. सगळं धरून सव्वा तास. सव्वा तासात कुणी उठत नाही.

कार्यक्रम चर्चमध्ये करणार असाल तर आधी फादरना भेटा. १९८७ च्या व्हॅटिकनच्या सूचनेप्रमाणे चर्चमधल्या कॉन्सर्टला प्रवेश मोफत असावा लागतो, म्हणजे तिकिटाचे पैसे बजेटमध्ये धरू नका. आणि तारीख डिसेंबरच्या मध्यात असेल तर तो आगमनकाळ, मिस्सात तेव्हा 'ग्लोरिया' म्हणत नाहीत. कॉन्सर्टला तो नियम लागत नाही, पण एखाद्या फादरना ते खटकू शकतं. नाताळनंतरचा रविवार घेतलात तर प्रश्नच मिटतो आणि आखातातून सुट्टीला आलेले दोन टेनर पण मिळायची शक्यता, काय म्हणता.

नोटेशन विकत घेऊ नका. आयएमएसएलपी आणि सीपीडीएल या साइटवर हे सगळं फुकट मिळतं. मात्र सगळ्यांना एकाच प्रतीची प्रिंट द्या. गाणाऱ्यांकडे एक प्रत, वाजवणाऱ्यांकडे दुसरी, आणि मापांचे आकडे जुळत नाहीत, यात आमची एकदा आख्खी प्रॅक्टिस गेलीय.

आता तो बाखवाला मुलगा. त्याला नाही म्हणू नका, पुढची तारीख द्या. बाखचा कँटाटा (चर्चमध्ये गायची छोटी रचना) क्रमांक १५० आहे, त्यानं तरुणपणी लिहिलेला, चार सूर, दोन व्हायोलिन, एक बॅसून आणि कंटिन्युओ, व्हायोला मुळात नाहीच. पाव तासाचा. त्यातल्या शेवटच्या तुकड्याच्या खालच्या सुरावरून ब्राम्सनं आपल्या चौथ्या सिंफनीचा शेवट उभारला, हे त्याला माहीत असेलच, नसेल तर सांगा, खूश होईल. बॅसूनची लाइन चेलोवर जाईल. पुढच्या वर्षी तो त्यानं बसवायचा, आणि यंदा तयारी म्हणून टेनर-बेसची वेगळी प्रॅक्टिस त्यानं घ्यायची, दर बुधवारी, त्याच्या घरी. तीन टेनरांना बाखचं वेड लावून दाखव म्हणावं.

आणि एक तुमच्या स्वतःसाठी. वीस बायका आहेत ही अडचण म्हणून तुम्ही लिहिलंय, पत्रात दोनदा. पेर्गोलेसीचा 'स्ताबात मातेर' (क्रुसापाशी उभ्या मारियेच्या दुःखाचं गाणं) काढून बघा, १७३६ चा, सोप्रानो आणि ऑल्टो, तंतुवाद्यं आणि कंटिन्युओ, बस. मुळात दोनच गाणाऱ्यांचा, पण बायकांच्या कॉयरनी वाटून घेऊन गातात. पेर्गोलेसी तो लिहून सव्विसाव्या वर्षी गेला. उपवासकाळात, एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी, टेनरशिवाय, बेसशिवाय, कमिटीशिवाय.

वसईकरांना आवडेल म्हणून एक गंमत, प्रास्ताविकात वापरा हवी तर. १७३९ च्या एप्रिलमध्ये लंडनला हँडलचा 'इझ्रायल इन ईजिप्त' पहिल्यांदा झाला, तेव्हा इकडे चिमाजी अप्पांचा किल्ल्याला वेढा चालू होता, मे महिन्यात वसई पडली. म्हणजे तुम्ही गाणार आहात ते संगीत आणि तुमच्या किल्ल्याचा तो वेढा एकमेकांच्या ओळखीचे नसले तरी एकाच काळातले आहेत.

पोस्टर छापायला टाकण्याआधी मात्र एक काम करा. त्या ट्रम्पेटवाल्याला 'ग्लोरिया'च्या पहिल्या आणि शेवटच्या तुकड्याची लाइन द्या, त्याच्या बी फ्लॅट ट्रम्पेटसाठी एक सूर वर लिहून, आणि आठवड्याभरात मोबाइलवर वाजवून पाठव म्हणा. बाख-हँडलच्या मानानं विवाल्डीचा ट्रम्पेट दयाळू आहे, तरी लग्नाच्या वरातीपेक्षा वर जातो. आणि लग्नाचा सीझन नाताळालाच असतो, तेव्हा तारीख आधी त्याला विचारा, मग फादरना.